पेपर चार, आणि पाचवा हत्ती

तुमच्या सेमिस्टरचं टाइमटेबल डोळ्यांसमोर आणा. पहिला पेपर कायद्याचा. दुसरा बंदुका आणि बॅलिस्टिक्सचा. तिसरा प्राण्यांच्या सवयी आणि अधिवासाचा. चौथा 'जनरल', म्हणजे त्यात काहीही येऊ शकतं. हे चार सुटले की किमान दोन वर्षं एखाद्या सीनियरच्या हाताखाली उमेदवारी. आणि त्यानंतर प्रॅक्टिकल, आठवडाभराचं, झिम्बाब्वेच्या रानात. एक्झामिनर तुमच्या मागून चालतोय, त्याच्या हातात वही आहे आणि तुमच्या पुढे, वीसेक पावलांवर, हत्ती उभा आहे.

या परीक्षेतून मिळतं ते लायसन्स 'प्रोफेशनल हंटर'चं. तिकडे सगळे नुसतं 'पीएच' म्हणतात. (केमिस्ट्रीवाल्यांनो, लिटमस पेपर खाली ठेवा.) दक्षिण आफ्रिका, नामिबिया, झिम्बाब्वे, झांबिया, बोत्स्वाना, मोझांबिक या देशांत आजही कायदेशीर शिकार चालते. परदेशी पाहुणा पैसे भरून येतो, त्याच्यासोबत लायसन्सवाला पीएच असावाच लागतो आणि हा पीएच होणं हे तिथल्या अनेक विशी-बाविशीतल्या मुलांचं करिअरचं स्वप्न असतं. आपल्याकडे एखाद्याने घरी सांगितलं, की मला शिकारी व्हायचंय, तर आई आधी ताप बघेल आणि बाबा वकील शोधतील. पण तिथे हा अभ्यासक्रम असलेला, परीक्षा असलेला, पगारपाणी असलेला व्यवसाय आहे. तो नेमका कसा चालतो आणि त्यावर जगभर एवढं भांडण का आहे, हे कळल्यावर तुम्ही तुमचं मत ठरवा. माझं मत मध्ये मध्ये येईलच.

शिकारी, जो शिकार करत नाही

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकू. पीएच स्वतः शिकार करत नाही, शिकार करतो त्याचा क्लायंट. पीएचचं काम म्हणजे जनावर शोधून देणं, ते योग्य वयाचं आणि परवानगी असलेलं आहे ना हे बघणं, क्लायंटला वाऱ्याच्या उलट्या दिशेने, आवाज न करता पुरेसं जवळ नेणं, 'आता' किंवा 'नको' एवढं सांगणं आणि सगळ्यांना जिवंत परत आणणं. याशिवाय तो ड्रायव्हर असतो, मेकॅनिक असतो, फर्स्ट-एड देणारा असतो, कॅम्पचा मॅनेजर असतो आणि रात्री शेकोटीजवळ पाहुण्यांना गोष्टी सांगणारा यजमानही असतो. झिम्बाब्वेच्या प्रॅक्टिकलमध्ये याचेही मार्क आहेत. उमेदवारांनी रानात स्वतः कॅम्प उभा करायचा आणि परीक्षकांना पाहुण्यांसारखं जेवू-खाऊ घालायचं. म्हणजे नेमबाजीत पहिला येणारा पोरगा करपलेल्या स्वयंपाकापायी मार्क घालवू शकतो. मला हा नियम फारच आवडला.

दिवस पहाटे साडेचार-पाचला सुरू होतो. तिकडे सीझन साधारण एप्रिल-मे ते ऑक्टोबर, म्हणजे त्यांचा हिवाळा आणि नंतरचा कोरडा काळ. गवत वाळलेलं असतं, पाणी कमी असतं, त्यामुळे जनावरं पाणवठ्यावर येतातच. गाडी पाणवठ्यांवरून फिरते, ट्रॅकर बोनेटजवळ किंवा मागे उंच सीटवर बसून मातीकडे बघत असतो. ताजे ठसे दिसले की सगळे खाली उतरतात आणि मग चालणं सुरू होतं. केप बफेलोचा माग काढताना चार-सहा तास चालणं नेहमीचं. पीएचच्या हातात एक छोटी कापडी पुरचुंडी असते, राख भरलेली. दर काही पावलांनी ती झटकायची आणि राख कुठे उडते ते बघायचं. वारा पाठीवर आला, की संपलं, सहा तासांची चाल वाया. सॅटेलाइट फोन, रेंजफाइंडर सगळं जवळ असूनही या राखेच्या पुरचुंडीला अजून पर्याय सापडलेला नाही.

आता बंदुकीचं. तुमच्यापैकी जे एनसीसीत आहेत त्यांनी पॉइंट २२ रायफल चालवली असेल. तिची गोळी साधारण अडीच ग्रॅमची. हत्ती, रेडा, सिंह अशा 'डेंजरस गेम'साठी तिकडे सर्वसाधारणपणे ज्याच्या खाली जात नाहीत ते कॅलिबर म्हणजे पॉइंट ३७५. १९१२ मध्ये एका इंग्लिश कंपनीने बाजारात आणलेलं हे काडतूस आजही चालतं आणि त्याची गोळी एकोणीस ग्रॅमच्या आसपास असते. पीएच स्वतः बऱ्याचदा त्याहून मोठी रायफल बाळगतो, कारण त्याची गोळी झाडायची वेळ येते तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं.

बिघडतं म्हणजे काय, तर क्लायंटची गोळी चुकीच्या जागी लागते. हत्तीचं डोकं प्रचंड असतं, पण मेंदू ब्रेडच्या मोठ्या पुड्याएवढा आणि त्याभोवती मधमाश्यांच्या पोळ्यासारखं पोकळ हाड. हत्तीने मान थोडी वर केली, तरी नेम धरायची जागा बदलते. हे सगळं त्या अडीच सेकंदांत, धडधडत्या छातीने. ह्यूस्टनहून आलेल्या साठ वर्षांच्या बिझनेसमनकडून चूक होणारच. जनावर जखमी होऊन झुडपात शिरलं, की क्लायंटला मागे थांबवून पीएच आणि ट्रॅकर आत जातात. जखमी जनावर तसंच सोडून येणं हा तिथे सगळ्यात मोठा कलंक आहे, आणि क्लायंटला मात्र त्या जनावराचे पैसे भरावेच लागतात. जखमी बिबट्या आणि जखमी रेडा या दोघांच्या मागे झुडपात जाणं, हे या व्यवसायातलं सर्वांत धोकादायक काम मानलं जातं. रेडा पळून जात नाही, थांबतो.

मे २०१७ मध्ये झिम्बाब्वेतल्या हवांगेजवळ दक्षिण आफ्रिकेतला एक अतिशय अनुभवी पीएच क्लायंट्सना घेऊन चालत असताना हत्तिणींच्या कळपासमोर आला. हत्तिणी अंगावर धावल्या. एकीने त्याला सोंडेने उचललं, कुणीतरी तिला गोळी घातली आणि ती कोसळली ती त्याच्यावरच. ही बातमी तेव्हा जगभर गाजली आणि तिच्याखालच्या कमेंट्समध्ये लोकांनी अक्षरशः आनंद व्यक्त केला. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलणाऱ्यांच्या बाजूला बसायची माझी तरी इच्छा नाही. शिकारीच्या विरोधात असले तरी.

'नाही' म्हणायचा पगार

परीक्षेत सगळ्यात जास्त कशाची तपासणी होते, असं तुम्हाला वाटतं? नेमबाजी? ती आहेच. पण प्रश्नांचा मोठा भाग ओळखण्याचा असतो. हे शेण कुणाचं, हा ठसा पुढच्या पायाचा की मागच्या, हे झाड कोणतं, या पक्ष्याने आता ओरडून काय सांगितलं, आणि समोरच्या नराचं वय किती.

वय हा कळीचा मुद्दा आहे. म्हाताऱ्या रेड्यांना तिकडे 'डागा बॉइज' म्हणतात. डागा म्हणजे चिखल, आणि हे बुवा कळपातून बाहेर पडून दिवसभर चिखलात लोळत असतात म्हणून. त्यांच्या कपाळावर दोन शिंगं जिथे जुळतात तो भाग दगडासारखा कडक झालेला असतो. तरुण रेड्याची शिंगं लांब, झोकदार दिसतील, पण कपाळ अजून मऊ आणि केसाळ असतं. क्लायंटला लांब शिंगं हवी असतात, कारण भिंतीवर तीच उठून दिसतात. चांगला पीएच इथे सांगतो, 'नाही, हा नाही.'

सिंहाचं तर अजूनच नाजूक. कळपातला नर मारला, की नवा नर येतो आणि आधीच्या नराचे छावे मारून टाकतो. म्हणजे एक गोळी, पण मृत्यू कितीतरी. २००४ मध्ये 'नेचर'मध्ये टांझानियातल्या सिंहांवरचा एक अभ्यास छापून आला. त्यात म्हटलं होतं, की पाच-सहा वर्षं उलटून गेलेलेच नर मारले, तर कळपांवर फारसा परिणाम होत नाही, आणि वय ओळखायची एक खूण म्हणजे नाक. छाव्याचं नाक गुलाबी असतं आणि वयाबरोबर त्यावर काळे ठिपके पसरत जातात. मोझांबिकमधल्या नियासासारख्या ठिकाणी सहा वर्षांच्या खालचा सिंह मारला तर पुढच्या कोट्यात कपात होते. विचार करा, संध्याकाळच्या उजेडात, सत्तर मीटरवरून, दुर्बिणीतून सिंहाच्या नाकावरचे ठिपके मोजायचे, आणि शेजारी लाखो रुपये मोजलेला माणूस ट्रिगरवर बोट ठेवून बसलाय. हत्तीच्या हंटचं बिल आपल्या पैशांत पंचवीस-तीस लाखांच्या पुढे सहज जातं. त्या माणसाला 'नाही' म्हणायचं, आणि तरी त्याने पुढच्या वर्षी परत यावं असं वागायचं. बरेच पीएच फ्रीलान्स असतात. सीझन संपला की काम संपतं, टिपवर बरंच काही अवलंबून असतं. म्हणजे प्रामाणिक राहायचं आणि पोटही भरायचं, हा पेच इथे दर दुसऱ्या दिवशी उभा राहतो. आपल्याकडे ज्या नोकऱ्यांना आपण 'सेफ' म्हणतो, तिथे तरी वेगळं काय असतं म्हणा.

जुलै २०१५ मध्ये हा पेच जगाने पाहिला. हवांगे नॅशनल पार्कमधला सेसिल नावाचा तेरा वर्षांचा सिंह, ज्याच्या गळ्यात ऑक्सफर्डच्या संशोधकांचा कॉलर होता, तो पार्कच्या हद्दीबाहेर एका अमेरिकन डेंटिस्टने बाणाने जखमी केला आणि काही तासांनी मारला. डेंटिस्टवर झिम्बाब्वेत गुन्हा दाखल झाला नाही. त्याच्याबरोबरच्या पीएचवर झाला, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथल्या हायकोर्टाने तो रद्द केला. त्या काळात तुमच्यापैकी बहुतेक जण शाळेत असाल, तरी सेसिलचा फोटो तुम्ही पाहिला असेल. गंमत म्हणजे तो सिंह वयाच्या नियमात बसत होता. भांडण होतं ते परवानगी, हद्द आणि कॉलर यांवरून. आणि खरं सांगायचं तर त्याला एक नाव होतं, यावरूनही.

सगळे देश सारखे नाहीत

'आफ्रिकेत शिकार' असं आपण सरसकट म्हणतो, पण सीमा ओलांडली की खेळच बदलतो. दक्षिण आफ्रिकेत बहुतांश शिकार खासगी, कुंपण घातलेल्या गेम फार्मवर होते. १९९१ च्या गेम थेफ्ट अ‍ॅक्टनुसार पुरेसं कुंपण असेल, तर आतलं रानटी जनावर जमिनीच्या मालकाच्या मालकीचं. तिथे पीएचचा कोर्स मान्यताप्राप्त स्कूलमध्ये साधारण दोन आठवड्यांत होतो आणि लायसन्स प्रांताचं सरकार देतं. नामिबियात पायऱ्या आहेत, आधी हंटिंग गाईड, मग मास्टर हंटिंग गाईड, मग प्रोफेशनल हंटर, आणि 'बिग गेम'साठी त्यावर वेगळी परीक्षा. सगळ्यात कडक झिम्बाब्वे. तिथे कुंपण नसलेली मोठमोठी रानं आहेत, आणि तिथली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पर्यटकांना पायी जंगल दाखवणाऱ्या, म्हणजे फक्त कॅमेरेवाल्यांना नेणाऱ्या प्रोफेशनल गाईडलाही तीच फायनल परीक्षा द्यावी लागते. हत्ती अंगावर आला, तर तुमच्या मागे दुर्बीण आहे की बंदूक, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. बहुतेक वेळा हत्ती खोटा हल्ला करतो. कान पसरून, धुरळा उडवत येतो आणि थांबतो. त्या वेळी जागेवर उभं राहून, ओरडून त्याला परत पाठवता आलं पाहिजे. घाबरून पटकन गोळी झाडणाऱ्यावर परीक्षक खूश होत नाहीत.

दक्षिण आफ्रिकेची एक घाणेरडी बाजूही आहे, आणि तिथे मला दोन्ही बाजू मांडायच्या नाहीत. सिंहाचे छावे जन्मतःच आईपासून तोडायचे, पर्यटकांना कुरवाळायला आणि सेल्फीला द्यायचे, मोठे झाले की कुंपणात सोडायचे आणि पैसेवाल्याने येऊन मारायचे. याला 'कॅन्ड हंटिंग' म्हणतात, म्हणजे डबाबंद शिकार. २०१५ मध्ये 'ब्लड लायन्स' नावाची डॉक्युमेंटरी आली आणि दक्षिण आफ्रिकेतल्या प्रोफेशनल हंटर्सच्या संघटनेनेच, पीएचएएसएने, यापासून फारकत घेतली. मग २०१७ मध्ये त्यांनीच मत फिरवलं, त्यावरून संघटना फुटली आणि बाहेर पडलेल्यांनी दुसरी काढली. म्हणजे शिकाऱ्यांनाही लाज वाटावी, असं काहीतरी शिकारीत आहे. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने हा धंदा टप्प्याटप्प्याने बंद करू, असं जाहीर केलं. तिकडे कधी फिरायला गेलात आणि कुणी छाव्याला बाटलीने दूध पाजायचं तिकीट विकत असेल, तर ते घेऊ नका. एवढं मात्र स्पष्ट सांगते.

मग हे चालू का आहे?

कारण त्या जमिनीवर माणसं राहतात. नामिबियाने १९९६ मध्ये कायदा बदलून गावांना स्वतःच्या 'कॉन्झर्वन्सी' स्थापन करायचा हक्क दिला. १९९८ मध्ये पहिल्या चार झाल्या, आज ८६ आहेत आणि देशाचा साधारण पाचवा हिस्सा त्यांच्याखाली येतो. जनावरांपासून मिळणारं उत्पन्न, पर्यटनाचं असो की शिकारीचं, गावाच्या कमिटीकडे येतं. त्यातून गावचे राखणदार नेमले जातात. मारलेल्या हत्तीचं मांस गावात वाटलं जातं. न्याए न्याए नावाच्या कॉन्झर्वन्सीत सान लोक राहतात. तिथे टुरिस्ट लॉजच्या रांगा नाहीत, रस्तेही फारसे नाहीत, आणि उत्पन्नाचा मोठा भाग शिकारीतून येतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नामिबियातल्या कॉन्झर्वन्सींचे हिशेब तपासले होते. पर्यटनातून पैसा जास्त दिसतो, पण तो यायला वर्षं लागतात. शिकारीचा पैसा लवकर सुरू होतो, आणि तो काढून घेतला तर बऱ्याच कॉन्झर्वन्सींना खर्च भागवणं कठीण जाईल, असा त्याचा निष्कर्ष होता.

बोत्स्वानाने २०१४ मध्ये शिकार बंद करून बघितली आणि २०१९ मध्ये बंदी उठवली. तिथे साधारण एक लाख तीस हजार हत्ती आहेत आणि माणसं पंचवीस लाखांच्या आसपास. शेतात हत्ती शिरला, की रात्रीत वर्षाचं पीक जातं. कधी कधी माणूसही जातो. म्हणूनच २०२४ मध्ये ब्रिटन आणि जर्मनीत शिकारीच्या ट्रॉफी आणायला बंदी घालायची चर्चा तापली, तेव्हा बोत्स्वानाच्या एका मंत्र्याने लंडनच्या हाइड पार्कमध्ये दहा हजार हत्ती पाठवतो म्हणून सांगितलं, आणि राष्ट्राध्यक्ष मोक्वेत्सी मसिसी यांनी जर्मनीला वीस हजार हत्ती देऊ केले. आमच्यासारखं राहून बघा त्यांच्यासोबत, असं त्यांचं म्हणणं.

मीम्स भरपूर झाले, पण आपल्याला तो विनोद समजायला नको का? जुन्नरच्या उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते, तेव्हा पुण्यातल्या सोसायटीत बसून 'सो क्यूट' म्हणणारे वेगळे आणि पहाटे पाणी द्यायला जाणारे वेगळे. २ नोव्हेंबर २०१८ ला पांढरकवड्याजवळ अवनी वाघिणीला गोळी घातली, तेव्हा मुंबईत मेणबत्त्या लागल्या आणि त्या भागातल्या गावांत लोकांनी फटाके फोडले. दोन्ही फोटो एकाच दिवशी फीडमध्ये होते.

पण म्हणून शिकारवाल्यांचा सगळा हिशेब मान्य करायचा, असंही नाही. गावापर्यंत पैसा किती पोचतो आणि वाटेत किती मुरतो, हा प्रश्न सगळीकडे सारखा नाही. जिथे कमिटी भ्रष्ट, तिथे हत्तीही गेला आणि पैसाही. आणि शिकारीशिवायही काही उभं राहू शकतं, याचं एक उदाहरण झिम्बाब्वेतच आहे. झांबेझीच्या खोऱ्यात फुंडुंडू नावाचा भाग पूर्वी ट्रॉफी हंटिंगसाठी दिला जायचा. २०१७ पासून तिथे 'अकाशिंगा' नावाचं रेंजर पथक काम करतं. सगळ्या बायका. त्यांच्यातल्या अनेक जणी नवऱ्याने टाकलेल्या, मारहाण सोसलेल्या, एकट्याने पोरं वाढवणाऱ्या. त्यांच्या पगाराने गावात पैसा येतो. हे मॉडेल देणग्यांवर चालतं, हेही खरं.

नाव कुणाचं, नजर कुणाची

या व्यवसायाचा इतिहास वाचलात, तर एकाच छापाचे फोटो दिसतील. फ्रेडरिक सेलू १८७१ मध्ये एकोणिसाव्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत उतरला आणि हस्तिदंतासाठी हत्ती मारत फिरला. १९०९ मध्ये रूझवेल्ट राष्ट्राध्यक्षपद सोडून मुलाला घेऊन पूर्व आफ्रिकेत गेला आणि बापलेकांनी मिळून ५१२ जनावरं मारली, म्युझियमसाठी म्हणून. पीटर कॅपस्टिक वॉल स्ट्रीटवरची स्टॉकब्रोकरची नोकरी सोडून हंटर झाला, आणि १९७७ मधलं त्याचं पुस्तक वाचून किती तरी पोरांनी बॅगा भरल्या. त्याच वर्षी केनियाने शिकारीवर पूर्ण बंदी घातली, ती आजही आहे. 'सफारी' हा शब्द तिकडच्या स्वाहिलीतला, आणि तो अरबी 'सफर'वरून आलाय. आपण एसटीचा सफर म्हणतो तोच.

या सगळ्या फोटोंमध्ये कडेला एक काळा माणूस उभा असतो आणि खाली त्याचं नाव नसतं. तो ट्रॅकर. जनावर खरं तर त्यानेच शोधलेलं असतं. दुमडलेलं गवताचं पातं परत उभं राहायला किती वेळ लागतो, पावलाच्या ठशावरून रात्रीचा किडा चालून गेलाय की नाही, म्हणजे ठसा रात्रीच्या आधीचा की नंतरचा, हे तो चालता चालता वाचतो. यातले बरेच जण शाळेत फारसे गेलेले नाहीत, म्हणून लेखी परीक्षा देऊ शकत नाहीत, म्हणून लायसन्स नाही, म्हणून पगार कमी. पीएचच्या यादीत आजही गोऱ्या पुरुषांचं वर्चस्व आहे. ज्याला सगळ्यात जास्त येतं त्यालाच सर्टिफिकेट नाही, हे आपल्याकडेही कुठल्याही पारंपरिक कारागिराला विचारा.

लुई लीबेनबर्ग नावाच्या दक्षिण आफ्रिकन अभ्यासकाला हे खटकलं. कलहारीतल्या सान ट्रॅकर्सबरोबर तो राहिला, आणि १९९० मध्ये त्याने पुस्तक लिहून मांडलं, की माग काढणं हीच विज्ञानाची सुरुवात असावी. पुरावा बघायचा, अंदाज बांधायचा, चार पावलं जाऊन तो तपासायचा. १९९४ पासून त्याने ट्रॅकर्ससाठी परीक्षा सुरू केल्या. त्यात लिहावं लागत नाही.

तुम्हाला जमेल?

भारतातून पीएच व्हायचं म्हटलं, तर कोर्सला प्रवेश मिळू शकतो, पण काम करायला त्या देशाचा वर्क परमिट लागेल, आणि तो मिळवणं हत्तीपेक्षा अवघड आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे परत येऊन ते लायसन्स भिंतीवर लावण्यापलीकडे उपयोग शून्य. आणि मुळात प्रश्न असा, की तुम्हाला त्यातलं काय हवंय? जनावर मारणं, की रानात पायी फिरता येणं? सलीम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग बघून ती ओळखायला मुंबईतल्या बीएनएचएसच्या ऑफिसात नेली, आणि पुढचं आयुष्य बदललं. त्यांना चिमणीचं नाव हवं होतं.

नाव हवं असणाऱ्यांसाठी तिकडे फील्ड गाईडचा रस्ता आहे. फगासा, म्हणजे तिथल्या फील्ड गाईड्सची संघटना, १९९० पासून परीक्षा घेते. आधी गाडीतून गाईड करायचं, मग पुरेसे तास पायी चालून 'ट्रेल्स गाईड' व्हायचं. रायफल खांद्यावर असते, पण ती वापरायची वेळ आणू नये, यालाच कौशल्य मानतात. परदेशी विद्यार्थीही हे कोर्स करतात, फी डॉलरच्या हिशेबात असते, तेव्हा कॅल्क्युलेटर जवळ ठेवा. इथल्या इथे सुरुवात करायची, तर ताडोबात गाईड म्हणून काम करणाऱ्या मुली आहेत, त्यांच्याशी बोला. डेहराडूनच्या वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटची एमएस्सी आहे. वनसेवेची परीक्षा आहेच.

आणि लीबेनबर्गच्या त्या ट्रॅकिंगच्या परीक्षेला कुणीही बसू शकतं. परीक्षक रानातून चालत जातो, मध्येच थांबतो, मातीत काठीने एक गोल काढतो आणि विचारतो, हे काय आहे? मार्किंग आपल्याला ओळखीचं वाटेल, पण उलटं आहे. सोपा प्रश्न बरोबर आला तर एक मार्क, चुकला तर तीन गेले. खूप अवघड प्रश्न बरोबर आला तर तीन मार्क, चुकला तर एकच जातो. उत्तर दिल्यावर सगळे त्या गोलाभोवती उकिडवे बसतात आणि परीक्षक बोटाने दाखवत सांगतो, की इथे नखं दिसतायत, म्हणजे बिबट्या नाही, तरस.